मृग म्हणजे हरीणच? मग विष्णू 'भयंकर हरणासारखा' कसा?

वाटसरू (धागाकर्ता):

परवा एक फॉरवर्ड आला. ऋग्वेदात विष्णूला हरणाची उपमा दिली आहे, यावरून बघा आपल्या पूर्वजांचं मन किती कोवळं होतं, असा एकंदर सूर. पुराव्यादाखल ओळही दिलेली: 'मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः' (१.१५४.२). यातला 'न' नकाराचा नाही, वेदांत तो 'सारखा' या अर्थानेही येतो, इतपत त्या लेखकाला ठाऊक होतं. पण शेजारचा 'भीम' त्याला दिसलाच नाही. भीम म्हणजे ज्याची भीती वाटते तो. डोंगरावर राहणारं, वाटेल तिथे हिंडणारं आणि बघून छातीत धडकी भरावी असं हे हरीण कुठल्या रानात सापडतं? बरं, आजच्या मराठीनेच वेद वाचायचे ठरवले तर 'कुचर'चं काय करणार? कामात कुचराई करतो तो कुचर. म्हणजे विष्णू झाला 'डोंगरातलं भयंकर कामचुकार हरीण'!

माझं म्हणणं असं की 'मृग' हे मुळात एका जातीच्या प्राण्याचं नावच नव्हतं. माणसाच्या दाव्याला न बांधलेला, रानात मोकळा फिरणारा, आणि माणूस ज्याच्या मागावर जातो तो मृग. ऋग्वेदातच बघा. 'मृगो न हस्ती' (४.१६.१४), 'मृगा इव हस्तिनः' (१.६४.७). हत्तीला तिथे हस्ती म्हणजे हात असलेला मृग म्हटलंय. आणखी एक जागा तर फारच मजेची आहे. अश्विनांनी भर समुद्रातून ज्याला वर काढलं त्या तौग्र्याच्या गोष्टीत 'पर्णा मृगस्य पतरोः' असे शब्द येतात (१.१८२.७). उडणाऱ्या मृगाचे पंख! म्हणजे पक्षीही मृग.

पुढे सिंह मृगेंद्र झाला, माकड शाखामृग झालं. आणि 'मृगया' म्हणजे केवळ हरणांची शिकार असं कुणीच कधी मानलेलं नाही. रात्री शरयूकाठी मृगयेला गेलेला तरुण दशरथ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो, तो हत्ती पाणी पितोय असं समजून. आपल्या गोष्टींच्या पुस्तकांत मात्र त्या हत्तीचं हरीण कधी झालं कोण जाणे.

तेव्हा जुन्या संस्कृत ग्रंथांचा मराठी अनुवाद करताना 'मृग' दिसला की 'हरीण' ठोकून देणं थांबवावं, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ती:

ठार असहमत. म्हणजे त्या फॉरवर्डबद्दल सहमत, पण तिथून तुम्ही जी उडी मारलीत तिच्याबद्दल असहमत.

'जुने संस्कृत ग्रंथ' हे काय एकाच दिवशी लिहिले गेले? ऋग्वेदातला अर्थ घेऊन तुम्ही कालिदासाच्या मागे लागणार का? शाकुंतलाचा पहिला अंक उघडा. 'आश्रममृगोऽयं न हन्तव्यो न हन्तव्यः.' हा आश्रमातला मृग आहे, मारू नका. इथे तुम्ही काय लिहिणार, 'आश्रमातला वन्य प्राणी'? सारथी तर त्याला सरळ 'कृष्णसार' म्हणतो, म्हणजे काळवीट. जात ठरलेली आहे.

दुसऱ्या अंकात तर तुमच्या व्याख्येवर पाणीच पडतं. राजाच्या शिकारीच्या नादाने वैतागलेला विदूषक म्हणतो, 'हा मृग, हा रानडुक्कर, हा वाघ' करत भर दुपारी रानोमाळ भटकावं लागतंय. मृगात सगळं रान येत असेल तर रानडुक्कर आणि वाघ वेगळे कशाला मोजले? मारीच सोन्याचा मृग झाला तो काय सोन्याचं अस्वल होऊन सीतेपुढे नाचत होता? पांडूने बाण मारला ते मृगाचं जोडपं कशाचं होतं?

अमरकोशही स्वच्छ आहे: 'मृगे कुरङ्गवातायुहरिणाजिनयोनयः'. कुरंग, वातायु, हरिण, अजिनयोनी हे सगळे मृगाचे समानार्थी. म्हणजे कोशकारालाही मृग म्हणजे हरीण एवढंच माहीत होतं. शब्द अरुंद झाला होता आणि तो संस्कृतातच झाला होता. मराठीवर खापर फोडू नका.

त्रिकांड:

ताई, अमरकोश अर्धा उघडून मिटवलात. तुम्ही दिलेली ओळ सिंहादिवर्गातली, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या प्रकरणातली. तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे, एका शब्दाचे अनेक अर्थ सांगणारा. तिथे कोशकार अमरसिंह म्हणतो, 'पशवोऽपि मृगाः'. पशूंनाही मृग म्हणतात. लगेच त्याच ओळीत पुढचा शब्द 'वेग' येतो हा योगायोग, पण मला आवडतो.

आणि सिंहादिवर्गातच जरा वरखाली बघा. तरसाला 'मृगादन', मृग खाणारा. कोल्ह्याला 'मृगधूर्तक'. कुत्र्याला 'मृगदंशक', पण तो शूद्रवर्गात सापडेल. माकडाला शाखामृग आहेच. मृगांच्या जाती सांगताना तर कृष्णसार, रुरु, शंबर यांच्या पंगतीला चमरही बसवलाय, म्हणजे हिमालयातली चवरीगाय. तिला हरीण म्हणायला मी तयार नाही, तुम्ही असाल तर सांगा.

'वातायु' जाता जाता. वाऱ्यासारखं जाणारं ते वातायु. हरणाला इतकं नेमकं नाव हाताशी असताना मृग हा मोघम शब्द पहिल्या जागी का बसवला, याचा विचार करण्यासारखा आहे. माझ्या मते मृग हे मोठं कूळ आणि हरीण त्यातलं सर्वांत ओळखीचं घर. दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते.

उडाणटप्पू:

कुत्र्याला मृगदंशक! उद्यापासून गल्लीतल्या मोत्याला याच नावाने हाक मारणार. तो भुंकला तर जबाबदार त्रिकांड.

आकाशवेडा:

पुस्तकातून मान वर करा मंडळी. मृग रोज (म्हणजे हिवाळ्यात) डोक्यावरून जातो. चार तारे म्हणजे चार पाय, मधोमध एका रेषेतले तीन तारे म्हणजे पोटात घुसलेला बाण, आणि खाली आग्नेयेला लखलखणारा व्याध. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा तोच.

ही नुसती चित्रकला नाही, तिच्यामागे ऐतरेय ब्राह्मणातली कथा आहे. प्रजापतीला स्वतःच्या मुलीचा मोह पडला. ती रोहित म्हणजे तांबूस हरिणी झाली, तो ऋश्य म्हणजे नर हरीण होऊन तिच्याकडे गेला. देवांनी आपापली घोर रूपं एकत्र करून रुद्र निर्माण केला आणि त्याने प्रजापतीला बाण मारला. विद्ध झालेला तो वर उडाला, त्याला मृग म्हणतात. मारणारा तो मृगव्याध, ती रोहिणी, आणि तीन कांडांचा बाण तो मधले तीन तारे. लोकमान्य टिळकांनी १८९३ सालच्या 'ओरायन' ग्रंथात याच नक्षत्राभोवती वेदांचा काळ ठरवण्याचा घाट घातला. वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाची सूर्याची जागा) मृगात असतानाच्या आठवणी या कथांत आहेत असा त्यांचा दावा. तो किती टिकला हा वेगळा विषय, पण मृगाचा इतका बारकाईने विचार आधी फारसा कुणी केला नसावा.

मला गंमत वेगळीच वाटते. ग्रीकांनी हेच तारे पाहिले आणि त्यांना तिथे शिकारी दिसला. त्यांचा ओरायन म्हणजे पट्टा बांधलेला, हत्यार उगारलेला शिकारी, आणि आपला बाण तो त्याचा कमरपट्टा. एकाच जागी आपल्याला सावज दिसलं, त्यांना शिकारी.

पण धाग्याच्या मुद्द्यावर मी स्पष्टवक्तींच्या बाजूने. कथेत ऋश्य आहे, रोहित आहे, दोन्ही हरणांच्याच जाती. आकाशातला मृग हे हरीणच आहे. तिथे हत्ती किंवा माकड घुसवू नका.

वाटसरू:

आकाशवेडा, तुम्ही माझ्याच पारड्यात वजन टाकलंत! कथा नीट बघा. प्रजापती जिवंत आहे, धावतोय, तेव्हा तो 'ऋश्य' आहे. जातीचं नाव. बाण लागून वर उडाल्यावर त्याला 'मृग' म्हणतात. म्हणजे ज्याची शिकार झाली तो मृग. एकाच प्राण्यासाठी त्या ग्रंथाने दोन शब्द दोन कामांना वापरलेत.

स्पष्टवक्ती:

अहो, हे कीर्तनात शोभेल. त्या काळी नक्षत्राचं नाव मृग असं आधीच रूढ होतं, कथाकाराने शेवटी ते जोडून दिलं. व्याध, रोहिणी, बाण, सगळ्यांची नावं तशीच जोडलीत. एका क्रियापदावर एवढा इमला उभारू नका.

पाटीपेन्सिल:

मध्येच एक अडाणी प्रश्न. मृगकिडा, मृगाचा पाऊस, मृग बहार, मृगजळ यांतला मृग कुठला? यांत हरीण आहे की सावज?

आकाशवेडा:

पहिल्या तिघांत नक्षत्र. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य मृग नक्षत्रात येतो, त्या दिवसांतला पाऊस तो मृगाचा. पहिल्या सरींनंतर मातीवर येणारा लाल मखमली किडा तो मृगाचा किडा, आणि त्या पावसावर संत्र्या-डाळिंबाला धरतात तो मृग बहार. मार्गशीर्ष महिनाही याच मृगशीर्षातून आला. 'मासानां मार्गशीर्षोऽहम्' म्हणतात तो.

मृगजळ वेगळं. संस्कृतात मृगतृष्णा. तहानलेलं हरीण उन्हात पाणी समजून धावतं, असा कवींचा संकेत. यात मात्र हरीणच, निदान कवींच्या मनात तरी.

काढा_चूर्ण:

वैद्यकाच्या बाजूने दोन पैसे. सुश्रुताने मांसाचे गुण सांगताना प्राण्यांचे गट पाडलेत. एण, हरिण, कुरंग वगैरेंचा गट 'जंघाल', म्हणजे पायांत बळ असलेले, वेगाने पळणारे. सिंह-वाघ 'गुहाशय'. आणि झाडावर राहणाऱ्यांचा गट 'पर्णमृग', ज्यात वानर येतात. हरणाला त्याच्या पळण्यावरून नाव आणि माकडाला मृग. ज्याला प्राणी नेमके ओळखायचे होते त्याने मृग हा शब्द हरणासाठी राखून ठेवला नाही, एवढंच म्हणतो.

सीमुर्ग:

भांडण फक्त भारतापुरतं का चाललंय? अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, याच शब्दाचा भाऊ 'मरघ' आहे आणि त्याचा अर्थ पक्षी. फारसीतला 'मुर्ग' तोच. आपण ज्याला मुर्गी म्हणतो ती या घराण्यातली. माझं हे टोपणनावही, फारसी कथांतला अद्भुत पक्षी: सीमुर्गातला 'सी' म्हणजे अवेस्तातला 'सएन', संस्कृतातला श्येन, ससाणा. म्हणून धागाकर्त्याने दिलेला तो पंखवाला मृग ऋग्वेदात चुकून आलेला नाही. इराणी शाखेत हाच अर्थ वाढला आणि भारतीय शाखेत चार पायांचा.

आणि मराठीत एक जागा अशी आहे जिथे पक्षीवाला मृग आजही रोजच्या वापरात आहे. शहामृग! त्याच्यात हरणाचा काडीचा संबंध नाही. फारसीतल्या मुर्गाने आपल्याकडे येऊन संस्कृत वेश धारण केलाय. हिंदीत तो शुतुरमुर्ग राहिला, म्हणजे उंट-पक्षी.

स्पष्टवक्ती:

हे खरंच भारी आहे. पण मग तुमच्याच पुराव्याने सिद्ध काय होतं? एकाच शब्दाने एका घरी पक्षी धरला, दुसऱ्या घरी चौपाया. म्हणजे अर्थ बदलतो, आणि बदललेला अर्थ हाच त्या घरचा अर्थ असतो. इराणी माणसाला जाऊन सांगा की मुर्ग म्हणजे मुळात वन्य प्राणी. कोंबडीचा रस्सा ताटात ठेवून तो तुमच्याकडे बघत राहील. आणि गीतेत 'मृगाणां च मृगेन्द्रोऽहं वैनतेयश्च पक्षिणाम्' आहे. तिथे मृग एकीकडे, पक्षी दुसरीकडे. पंखवाला मृग तोवर कधीच उडून गेला होता.

कावेरीकाठ:

आमच्याकडे (म्हणजे कर्नाटकात, मी राहतो तिथे) मात्र उडून गेलेला नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाचं कन्नड नाव 'श्री चामराजेंद्र मृगालय'. १८९२ साली सुरू झालेलं. आत हत्ती, वाघ, जिराफ, सगळे मृग. मल्याळममध्ये जनावरांच्या दवाखान्याला 'मृगाशुपत्री' म्हणतात. तमिळमधला 'मिरुगम' म्हणजेही जनावर, त्यातही जरा क्रूर छटेचं. इंडोनेशियात वन्यजीवांना 'मार्गासत्वा' म्हणतात, मृग आणि सत्त्व मिळून. जाकार्तातल्या मोठ्या प्राणिसंग्रहालयाच्या नावातच तो शब्द आहे. तेव्हा 'संस्कृतातच शब्द अरुंद झाला' हे अर्धसत्य. संस्कृतातून ज्यांनी उसना घेतला त्यांच्याकडे तो ऐसपैस पोचला. अरुंद झाला तो आपल्या बाजूला, मराठी-हिंदीकडे.

त्रिकांड:

+१. याला मी मघाशी 'दोन्ही अर्थ नांदत होते' म्हटलं होतं. ज्याला जो भावला तो त्याने उचलला.

अनुवादिका:

मी हे काम प्रत्यक्ष करते, म्हणून थोडं लांब लिहिते.

वाटसरूंची तक्रार रास्त आहे, पण त्यांनी उपाय दिलेला नाही. 'हरीण' नको, कबूल. मग काय? 'वन्य प्राणी' हा शब्द कवितेत टाकला की वनखात्याचं परिपत्रक वाचल्यासारखं होतं. 'पशू' म्हणावं तर त्यात गोठ्यातली गायही येते, आणि पशू-मृग असा काटेकोर भेदही वेदांत कायम पाळलेला नाही. पुरुषसूक्तात आरण्य आणि ग्राम्य दोघेही पशूच आहेत. 'जनावर' बोलीत गुरांनाही लागतो आणि रात्री सापालाही. 'श्वापद' बरा, पण तो हिंस्र प्राण्यांकडे झुकतो, त्यात हरीण बसत नाही.

आकाशवेडांनी सहज एक शब्द वापरला: सावज. वाटसरूंच्या व्याख्येला तो चपखल बसतो. ज्याच्या मागावर माणूस आहे ते सावज, मग ते हरीण असो, डुक्कर असो की ससा. 'मृगया' असेल तिथे मी बिनधास्त सावज वापरते. पण आता वाटसरूंच्याच ओळीत घालून बघा: 'भयंकर सावजासारखा विष्णू'. कोसळलं! कारण तिथला मृग कुणाचं सावज नाही. त्याला बघून इतरांनी पळायचं आहे. म्हणजे 'माणूस ज्याच्या मागे जातो तो मृग' ही व्याख्या ज्या ओळीपासून हा धागा सुरू झाला त्याच ओळीला लागू पडत नाही.

म्हणून प्रश्न हरीण की वन्य प्राणी एवढाच नाही. मृग पळणारा, पाठलाग होणारा, की पाठलाग करणारा, हे आधी ठरवा.

त्रिकांड:

वा, आता कुठे धाग्यात जीव आला. परंपरेत तिन्ही उत्तरं आहेत.

यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या ग्रंथात, नेमकी हीच ओळ घेतलीय आणि तो म्हणतो, 'मृगो मार्ष्टेर्गतिकर्मणः'. जाणे या अर्थाच्या धातूवरून मृग. म्हणजे जो जातो, हिंडतो तो. त्याच्या लेखी ना सावज ना शिकारी, फक्त चाल. तिथेच त्याने 'कुचर'चेही दोन अर्थ दिलेत. प्राण्याला लावला तर वाईट कर्म करत फिरणारा, देवाला लावला तर 'हा कुठे फिरत नाही?' असा. वाटसरू, तुमचा कामचुकार यात नाही, वाईट वाटून घेऊ नका.

धातुपाठ, म्हणजे व्याकरणातली धातूंची यादी, 'मृग अन्वेषणे' देतो, मृगयते म्हणजे शोधतो. त्यावरून मृग म्हणजे ज्याला शोधतात तो. हे वाटसरूंचं उत्तर.

आणि वेदांचे भाष्यकार सायणाचार्य याच ओळीवर 'मृगो न' म्हणजे 'सिंहादिरिव' म्हणतात आणि पुढे त्या सिंहाला 'मृगयिता' ठरवतात, आपल्या विरोधकांना हुडकून काढणारा. इथे मृगच शिकारी! याखेरीज खऱ्या शिकाऱ्याला 'मृगयु' आहेच. रुद्रपाठात 'नमो मृगयुभ्यः श्वनिभ्यश्च वो नमः' रोज कुठे ना कुठे म्हटलं जातं. मृगयू आणि कुत्री बाळगणारे, दोघांनाही नमस्कार.

स्पष्टवक्ती:

पण त्रिकांड, यांत उलटसुलट झालंय. आधी धातू, मग प्राणी, ही वैयाकरणांची सोय. 'मृगयते' हे 'मृग' नामावरून बनवलेलं क्रियापद आहे, असं आजचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आधी मृग, मग त्याच्या मागे जाणं म्हणजे मृगया, मग त्यातून कशाचाही शोध घेणं. 'मार्ग' शब्दही मृगाच्या मागावरून आला असं सांगतात. जनावराने रानात पाडलेली वाट. हा क्रम धरला तर 'ज्याला शोधतात तो मृग' ही व्युत्पत्ती स्वतःचीच शेपूट पकडते.

आणि शब्द अरुंद होणं यात मृगाचं काही खास नाही. इंग्रजीतलं डिअर घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुठलाही प्राणी होता, जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'टीअर' आजही प्राणी याच अर्थाने आहे. इंग्रजीत मात्र हरीण उरलं. ज्या समाजात शिकार म्हणजे मुख्यतः हरणाची शिकार, तिथे प्राण्याचा सामान्य शब्द हरणावर येऊन बसतो. तसंच इथे झालं. यात हळहळण्यासारखं काय आहे?

वाटसरू:

हळहळतंय कोण? उलट तुम्हीच आता माझं काम सोपं केलंत. सामान्य शब्द हरणावर बसला तो शिकारीमुळे, हे तुम्ही म्हणताय. म्हणजे पाठलाग या शब्दाच्या पोटात आहेच, धातू आधी की नाम आधी याने फरक पडत नाही.

अनुवादिकांचा आक्षेप मात्र वजनदार आहे. पण मला त्यात अडचण दिसत नाही. रानात जो पाठलाग करतो तोच दुसऱ्या क्षणी पाठलागाचा विषय असतो. सिंह मृगांचा राजा आहे, आणि राजाच्या बाणापुढे तोही मृगच. आकाशात आपण सावज पाहिलं आणि ग्रीकांनी शिकारी, तशी ही अदलाबदल शब्दाच्या आतच आहे. हरीण हे भाषांतर मला खटकतं ते यासाठी. ते शब्दाला कायमचं पळणाऱ्याच्या बाजूला उभं करतं.

पाटीपेन्सिल:

पण मृगनयना? तिथे 'शिकाऱ्यासारखे डोळे' चालेल का? 😄

उडाणटप्पू:

चालेल. काही जणींचे असतात.

अनुवादिका:

मृगनयना, मृगाजिन, कस्तुरीमृग, आश्रममृग: हरीण. मृगांक म्हणजे चंद्र, तिथेही हरीण, जरी दुसऱ्यांना त्याच डागात ससा दिसून शशांक झाला. या जागी मी कुणाचं ऐकणार नाही. मृगेंद्र, शाखामृग, मृगया, मृगयू: इथे हरीण घातलं तर विनोद होतो. उरल्या वेदांतल्या उपमा आणि महाकाव्यांतली शिकारीची वर्णनं. तिथे दर ओळीला थांबून बघावं लागतं: शिंगं आहेत का, गवत खातंय का, कोण कुणाला घाबरतंय. वाल्मीकीने मारीचाची शिंगंसुद्धा रंगवलीत, तिथे शंका नाही. दशरथाच्या गोष्टीत हत्तीच. 'मृगो न भीमः'साठी अजून माझ्याकडे शब्द नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. वाटसरू, धागा तुमचा, ओळ तुमची. करा अनुवाद.

वाटसरू:

आव्हान स्वीकारलं. 'डोंगरांवर वावरणाऱ्या, मोकाट हिंडणाऱ्या भयानक जनावरासारखा.'

आकाशवेडा:

'मोकाट' म्हटल्यावर रस्त्यावरची गुरं आठवतात हो.

सीमुर्ग:

'जनावर' फारसी आहे याला कुणाची हरकत नसेल तर मला फार आनंद होईल.

स्पष्टवक्ती:

फारसीला हरकत नाही, अर्थाला आहे. जनावर म्हटलं की निम्म्या वाचकांच्या डोळ्यांपुढे बैल येईल आणि उरलेले खाली साप आहे का ते बघतील. सायणांनी सिंह म्हटलंय, ओळीत भीम आहे, मग तुमच्या त्या सर्वसमावेशक मृगाचा हट्ट इथे कशाला? 'कडेकपारीत हिंडणाऱ्या भीषण श्वापदासारखा' असं लिहा आणि मोकळे व्हा. ऋग्वेद तुम्हाला दिला. शाकुंतलातल्या हरणाला मात्र हात लावू नका, आश्रमातलं आहे ते.